संविधान फक्त दिल्लीत घडलं नाही, औंधातही घडलं

भारताचं संविधान कुठं तयार झालं, असं विचारलं तर शाळेतलं पोरगंही सांगेल, दिल्लीत. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा पहिल्यांदा बसली, २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं, बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष. उत्तर बरोबर आहे. पण गेल्या काही वर्षांत या विषयावर जे नवं संशोधन झालंय, ते सांगतं की हे उत्तर अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्याचा एक तुकडा आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत पडून आहे, आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी संशोधनाचं थोडक्यात सांगतो.

२०१८ साली दोन पुस्तकं आली. एक रोहित डे यांचं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या कागदपत्रांतून दाखवून दिलं की संविधान लागू झाल्या झाल्या ते हातात घेऊन कोर्टात गेले ते कुणी मोठे पुढारी नव्हते. खाटीक होते, दारूबंदीत सापडलेले होते, वेश्याव्यवसायातल्या बायका होत्या. दुसरं पुस्तक ऑर्निट शनी यांचं. स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी कशी बनली, याचं. संविधान पूर्ण व्हायच्या आधीच सगळ्या प्रौढांची यादी करायचं काम गावोगाव सुरू झालं होतं. लोक तक्रारी करत होते, आमचं नाव का नाही म्हणून पत्रं लिहीत होते, आणि त्या खटाटोपात 'मतदार' नावाचा माणूस घडत होता. मग २०२५ मध्ये या दोघांनी मिळून आणखी एक पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा, की संविधान सभेच्या दालनात जेवढं घडत होतं तेवढंच दालनाबाहेर घडत होतं. संघटना, जातपंचायती, आदिवासी, संस्थानांतली प्रजा, सगळे आपापल्या परीनं राज्यघटनेशी झटत होते. संस्थानांमध्येही घटना लिहिण्याची खटपट चालू होती.

हे शेवटचं वाक्य वाचलं की आपल्याकडच्या माणसाला एकच नाव आठवायला पाहिजे. औंध.

औंध म्हटलं की आज आपल्याला यमाई आठवते, डोंगरावरचं संग्रहालय आठवतं, आणि सूर्यनमस्कारवाले राजे आठवतात. खटाव तालुक्यातलं हे गाव एका संस्थानाची राजधानी होतं. संस्थान लहानसं, बहात्तर गावांचं. तेही सलग नव्हतं. एक तुकडा औंधला, एक आटपाडीला, एक कुंडलला आणि एक तिकडं विजापूर भागात गुणदाळला. मध्ये सगळा इंग्रजांचा मुलूख. नकाशावर बघितलं तर फाटक्या गोधडीसारखं दिसावं असं राज्य. आजच्या हिशेबानं औंध सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात, गुणदाळ कर्नाटकात.

राजे होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोक बाळासाहेब म्हणायचे. १९०९ ला गादीवर आले. माणूस वेगळाच. स्वतः चित्रकार, कीर्तनकार. १९३५ च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळावरची जागा यांच्याच संस्थानात मिळाली आणि १९१० पासून तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण राजा कितीही चांगला असला तरी तो राजा. सारा किती, खर्च कशावर, कायदा काय, शेवटचा शब्द त्याचा. आणि त्याच्याही डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट.

आता १९३८ साल बघा. देशभर संस्थानांमध्ये प्रजा परिषदा उठल्या होत्या. जबाबदार राज्यपद्धती द्या, ही मागणी होती. म्हणजे मंत्री प्रजेनं निवडलेल्या सभेला जबाबदार पाहिजेत. बहुतेक राजे टाळाटाळ करत होते, काही ठिकाणी लाठ्या चालल्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी दिलेला शब्द फिरवला म्हणून मार्च १९३९ मध्ये खुद्द गांधीजींना उपोषणाला बसावं लागलं.

आणि त्याच काळात औंधचा राजा म्हणत होता, माझे अधिकार मी सोडतो, घ्या.

यामागं तीन माणसं होती. एक राजे स्वतः. दुसरे त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन आलेले, वय जेमतेम पंचवीस-सव्वीस. तिसरा माणूस कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असा. मॉरिस फ्रीडमन, पोलंडचा ज्यू इंजिनिअर. बंगलोरला विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. गांधीजींच्या आणि अध्यात्माच्या नादानं भगवी वस्त्रं घालायला लागला, भारतानंद नाव घेतलं. आप्पासाहेबांची त्याची गाठ पडली आणि तो औंधला आला. पुढं मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत आणून जगभर पोचवली ती याच माणसानं.

राजांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये जाहीर केलं की राज्याचा कारभार प्रजेच्या हाती देणार. मग मसुदा घेऊन मंडळी सेवाग्रामला गेली. गांधीजींनी नुसता आशीर्वाद देऊन पाठवलं नाही, मसुद्यात स्वतः लक्ष घातलं. वरून खाली अधिकार वाटायचे नाहीत, गावापासून वर चढायचं, हा त्यांचा आग्रह. राजानं साधेपणानं राहावं आणि खासगी खर्चाला बांध घालावा, हाही आग्रह. जानेवारी १९३९ मध्ये औंध संस्थानाची घटना लागू झाली. दिल्लीतली संविधान सभा बसायला अजून जवळजवळ आठ वर्षं होती.

त्या घटनेत होतं काय?

सगळ्यात खाली गाव. गावानं आपली पंचायत निवडायची. पंचायतींमधून तालुक्याची सभा. तालुक्यांच्या सभांमधून संस्थानाची सभा. मंत्री त्या सभेला जबाबदार. गावातले किरकोळ तंटे गावातच पंचांनी मिटवायचे, त्यासाठी शेतकऱ्यानं कामधंदा सोडून दूरच्या कचेरीत खेटे घालायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसा. गोळा झालेल्या महसुलातला साधारण निम्मा वाटा खालीच, गावांच्या आणि तालुक्यांच्या कामाला ठेवायचा. शाळा, रस्ता, विहीर यांचा निर्णय तिथंच.

पैशाची ही ओळ पुन्हा वाचा. अधिकार दिले असं म्हणणारे पुष्कळ असतात. तिजोरीची किल्ली देतो तेव्हाच ते खरं. आजच्या सरपंचाला विचारा, निधीसाठी किती उंबरे झिजवावे लागतात. मग औंधच्या त्या कलमाची किंमत कळेल.

इथं एक सावधगिरी. आपल्याकडं अशा गोष्टींचे लगेच फॉरवर्ड होतात, 'जगातली पहिली लोकशाही आपल्या साताऱ्यात' वगैरे. तसं काही नाही. म्हैसूर संस्थानात १८८१ पासून प्रतिनिधी सभा होती. कोचीननं १९३८ मध्येच काही खाती लोकनियुक्त मंत्र्याकडं दिली होती. औंधचं वेगळेपण पहिल्या नंबरात नाही. बाकीच्यांनी वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली, औंधनं पायापासून बांधायला घेतलं. एवढाच फरक, पण तो मोठा आहे. इंदिरा रोथरमुंड यांनी १९८३ साली 'औंधचा प्रयोग' या विषयावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं ते याचसाठी. आप्पासाहेबांनीही १९८९ साली आपल्या वडिलांवर आणि या प्रयोगावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. परदेशातला अभ्यासक ही पुस्तकं वाचून औंध शोधत येतो, आणि आपल्या गावच्या शाळेत तो धडा नाही.

घटनेबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती आजही उभी आहे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. १९३९ मध्येच सुरू झालेली खुली कैद्यांची वसाहत. कल्पना फ्रीडमनची, पाठबळ राजाचं. गंभीर गुन्ह्यातली शिक्षा झालेली माणसं, पण भिंत नाही, साखळदंड नाही. जमीन कसायची, बायकापोरांसह राहायचं. माणसावर विश्वास टाकला की माणूस तो पाळतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच कल्पनेवर उभा आहे आणि त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. गदिमा जन्मले आटपाडीजवळच्या शेटफळ्यात, शिकले आटपाडी-कुंडल-औंधला. म्हणजे औंध संस्थानाचंच लेकरू. बर्लिनपर्यंत गाजलेल्या सिनेमाचं मूळ माणदेशातल्या माळावर आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आता कुंडलकडं या. १९४२ च्या चळवळीनंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हा सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग साताऱ्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. जी. डी. बापू लाड कुंडलचे, तुफान सेना त्यांनी बांधली. आणि कुंडल होतं औंध संस्थानात. इंग्रजी पोलिसाला संस्थानाची हद्द ओलांडून आत येणं तेवढं सोपं नसायचं, हा भूमिगतांना मोठा आधार होता. प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं बसवली, तंटे गावातच मिटवले, सावकारांना चाप लावला. म्हणजे एकाच दशकात, एकाच टापूत, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वाटांनी तोच प्रश्न हातात घेतला होता, की गाव आपला कारभार आपण करू शकतं का. एका बाजूला राजवाड्यातून आलेली घटना, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांच्या पोरांनी उसातून उभं केलेलं सरकार. एकातून दुसरं निघालं अशी सरळ रेघ मी ओढणार नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. प्रतिसरकारवर गेल ऑम्वेट यांनी काम केलं. अमेरिकेत जन्मलेली ही बाई कासेगावची सून झाली, इथंच राहिली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये इथंच गेली. संशोधन करायला विद्यापीठाचा मोठा मनोराच लागतो असं नाही, हे कासेगावनं दाखवून दिलंय.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर ही पोस्ट नुसती आरती होईल.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाबद्दल फार कडक बोल सुनावले. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं ठिकाण, आणि मसुद्यानं गावाऐवजी व्यक्तीला घटक मानलं याचा आपल्याला आनंद आहे, असा त्यांचा सूर होता. बाबासाहेबांचं बालपण साताऱ्यात गेलं. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. शाळेत बाहेर बसवणारं गाव, पाण्याला हात लावू न देणारं गाव त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, भोगलेलं होतं. 'गावाला अधिकार द्या' म्हटलं की त्यांचा प्रश्न तयार असायचा, गावातल्या कुणाला? पाटलाला की महारवाड्याला?

हा प्रश्न औंधलाही लागू आहे. गावातून तालुका, तालुक्यातून वरची सभा, अशी चढती उतरंड केली की प्रत्येक पायरीवर गावातला वजनदार माणूसच वर जाण्याची भीती असते. राजानं अधिकार सोडले म्हणून ते आपोआप शेवटच्या घरापर्यंत पोचत नाहीत.

संविधान सभेनं यातून वाट काढली. २२ नोव्हेंबर १९४८ ला के. संतानम यांच्या दुरुस्तीनं ग्रामपंचायतींचं कलम आत आलं, तेच आजचं कलम ४०. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं, म्हणजे सरकारनं करावं, नाही केलं तर कोर्टात जाता येणार नाही. त्याला दात यायला ७३ वी घटनादुरुस्ती यावी लागली, २४ एप्रिल १९९३ पासून. तिच्यात गांधीजींचं गाव आहे आणि बाबासाहेबांचा प्रश्नही आहे. पंचायत तर हवीच, पण तिच्यात अनुसूचित जाती-जमातींना आणि बायकांना राखीव जागा हव्यात. महाराष्ट्रानं २०११ मध्ये बायकांचा वाटा निम्म्यावर नेला. औंधनं पाया घातला म्हटलं, तर गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्यांसाठी दार बसवायला अर्धं शतक गेलं.

मधल्या काळात औंधचं काय झालं? ८ मार्च १९४८ ला दख्खनची संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. औंधही गेलं. देश एक व्हायचा तर ते होणंच होतं. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. आप्पासाहेब भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले आणि पुढं मोठे राजदूत झाले. घटना कागदावर राहिली. बहात्तर गावांतल्या पंचायतींच्या जागी नव्या राज्याचे मामलेदार आले, कारभार वरून खाली सुरू झाला. मग १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. गाव, तालुका, जिल्हा अशी तीन पायऱ्यांची रचना. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, कुंडलपासून हाकेच्या अंतरावरच्या देवराष्ट्र्यात जन्मलेले. त्या जिल्हा परिषदांनी सातारा-सांगलीला शाळा, दवाखाने आणि पुढाऱ्यांच्या दोन पिढ्या दिल्या.

आणि आता मुद्द्यावर येतो.

मार्च २०२२ मध्ये सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत संपली. पंचायत समित्यांचीही संपली. प्रशासक आले. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, तारीख पे तारीख. २०२५ साल संपेपर्यंत, म्हणजे पावणेचार वर्षं, आपल्या जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एकही सदस्य नव्हता. संविधानाचं कलम २४३-ई स्वच्छ सांगतं, पाच वर्षांची मुदत, आणि ती संपायच्या आत निवडणूक. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. तरीही त्या वेळेत त्या झाल्या नाहीतच.

यात सरकार कुठल्या पक्षाचं, हा माझा मुद्दा नाही. त्या काळात सत्तेत दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली. माझा मुद्दा आपल्याबद्दल आहे. पावणेचार वर्षांत यावरून गावात किती बोंब झाली? एसटी बंद पडली तर आपण रास्ता रोको करतो. ऊसदरासाठी रस्त्यावर उतरतो, उतरलंच पाहिजे. पण आपला जिल्हा निवडून न दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीवर चालतोय, याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. १९३९ मध्ये एका राजाला वाटलं की सहीचा अधिकार माझ्याकडं असणं बरोबर नाही. आणि आपल्याला वाटलं, चालतंय की.

डे आणि शनी यांच्या संशोधनातून मी घेतलेला धडा हाच आहे. संविधान वरून पाऊस पडल्यासारखं पडलेलं नाही. लोक त्यासाठी पत्रं लिहीत होते, अर्ज करत होते, कोर्टात जात होते. ज्यांना वाटलं हे आमचं आहे, त्यांच्यामुळं ते जिवंत झालं. ज्या दिवशी ते फक्त दिल्लीचं आणि मुंबईचं आहे असं वाटायला लागतं, त्या दिवसापासून तारखा पडायला सुरुवात होते.

शेवटी एक काम सांगतो, विशेषतः औंध, आटपाडी, कुंडल भागातल्या मित्रांना. १९३९ ते १९४८ या नऊ वर्षांत त्या बहात्तर गावांत पंचायती बसल्या, ठराव झाले, तंटे मिटले, पैसे खर्च झाले. पंच कोण होते, कुठल्या आळीतले होते, कुणाचं ऐकलं गेलं आणि कुणाला दाराशी थांबवलं, या सगळ्याचं उत्तर मोठ्या पुस्तकांत सापडणार नाही. ते सापडलं तर जुन्या दप्तरात, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत, ग्रामपंचायतीच्या माळ्यावरच्या गाठोड्यात सापडेल. त्या काळी जाणते असलेले लोक आज नव्वदी ओलांडून गेलेत. जे आहेत त्यांच्याजवळ जाऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. जुनी वही, पावती, नोटीस, पंचायतीचा शिक्का, काही सापडलं तर रद्दीत घालू नका. फोटो काढा. शिवाजी विद्यापीठातल्या एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या पोरापोरींनो, विषय शोधत असाल तर हा तुमच्या दारात पडलाय. एका गावाचं नऊ वर्षांचं दप्तर नीट वाचलं तरी प्रबंध होईल, आणि बाबासाहेबांनी विचारलेल्या 'कुणाला?' या प्रश्नाचं पुराव्यासकट उत्तर मिळेल.

तुमच्या घरात किंवा गावात यातलं काही असेल, तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. बहात्तरपैकी किती गावं जमतात ते तरी बघू.